डाव्या कोपऱ्यातला चुना

"तुमचा चुना चुकीच्या बाजूला आहे," सहदेवराव म्हणाले आणि माझा हातावर मावणारा, मी केलेला मालडबा त्यांनी टेबलावर परत ठेवला. जपून ठेवला, चारही चाकं एकदम टेकतील असा. मला त्या जपण्याचाच जास्त राग आला. चूक सांगायची आणि वर वस्तूला जपायचं, म्हणजे चूक वस्तूची नाही, करणाऱ्याची. आता मी काही नवशिका नव्हे. मलकापूरच्या मालयार्डात गाडी तपासनीस आहे. हातोडीनं चाक वाजवलं की तडा आहे की नाही ते आवाजावरून सांगतो, आणि बारा वर्षांत तडकलेलं एकही चाक माझ्या हातून पुढे गेलेलं नाही. ज्याचे कान असे, त्याचे डोळे काय फुटके असतील? पण सहदेवरावही कोणी ऐरेगैरे नव्हते. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं डबे बांधून निवृत्त झालेले गृहस्थ. मुंबईला भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनासाठी लाइनीवरून नमुने निवडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि ते स्टेशनाच्या विश्रामगृहात उतरले होते. "बाकी सगळं पसंत," ते म्हणाले. "फळ्या, रंग, अक्षरं. पण चुना दाराच्या उजव्या कोपऱ्यात सांडतो. तुम्ही डावीकडे सांडलाय. उद्या दुपारच्या पॅसेंजरनं मी निघतो. तोवर एवढं पुसून उजवीकडे घ्या, काचेच्या कपाटातली पहिली जागा तुमची." मी म्हणालो, "चुना डावीकडेच सांडतो." ते म्हणाले, "कोणी सांगितलं?" मी म्हणालो, "मी पाहिलाय." ते हसले आणि म्हणाले, "मीही पाहिलाय."

मला ते कपाट हवं होतं. खोटं कशाला बोलू? लहानपणी ज्यानं एकही खेळणं धड पाहिलं नाही असा माणूस चाळिशीला टेकल्यावर मालगाडीचे डबे करत बसतो, तेव्हा लोक हसतात, हसू देत. बायको, कोकिळा, त्यांना 'तुमची गुरं' म्हणते आणि घरात पाहुणे आले की कपाटावर झाकून ठेवते. पण हा डबा झाकण्यासारखा नव्हता. खऱ्या फुटाला पाव इंच हे माझं माप, म्हणजे रुळांमधलं अंतर बरोबर एक इंच तीन सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गुरांच्या डब्याला वरच्या अंगाला फळ्यांमध्ये फटी असतात, जनावराला हवा लागावी म्हणून. त्या मी पाऊण सुताच्या ठेवल्या होत्या, एकही कमी नाही, जास्त नाही. फळ्या चहाच्या खोक्याच्या, कड्या-कोयंडे तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे, रिबिटा म्हणून टाचण्यांची डोकी. रंगाची तर मी तीन वर्षं वाट पाहिली. मालडब्याचा तांबडा म्हणजे डब्यातून काढून फासायचा तांबडा नव्हे. तो कारखान्यातून निघतो तेव्हा एक असतो आणि आमच्या वऱ्हाडाचे दोन उन्हाळे खाऊन येतो तेव्हा दुसराच होतो, जरा भुरकट, जरा गुलाबीकडे झुकलेला. गेरू जवसाच्या तेलात खलून, त्यात चुलीची काजळी किती आणि राख किती घालायची याचे मी चोवीस तुकडे रंगवले होते आणि यार्डात नेऊन डब्यांना लावून पाहिले होते. डबा सेहेचाळीस सालचा, म्हणून त्यावर जुन्या रेल्वे कंपनीची तीन इंग्रजी अक्षरं, जी, आय आणि पी. त्यातल्या पी-चं पोट जरा खाली उतरलेलं. त्या काळी एक रंगारी तो तसाच काढायचा, त्याचे डबे लांबून ओळखू यायचे. सहदेवरावांनी तो पी पाहिला आणि त्यांच्या तोंडातून 'अरेच्चा' निघालं; त्यांनी त्या रंगाऱ्याला पाहिलेलं होतं. मग त्यांची नजर खाली गेली, दाराखालच्या चुन्यावर. गुरं उतरली की डबा धुतात आणि रोगराई राहू नये म्हणून आतून चुना मारतात. चुन्याची बादली दाराच्या उंबऱ्यावर असते. कुंचा बुडवला, उचलला, की ठिबकतं. उंबऱ्यावरून ओघळ निघतात आणि खालच्या लोखंडावर, पायरीवर वाळतात. गुरांच्या डब्याला ही पांढरी दाढी नसेल तर तो डबा नव्हे, बाजारातलं खेळणं. मी ती घातली होती, आणि आठवणीतून घातली होती, म्हणून माझी खात्री होती.

सहदेवरावांना खोटं पाडायला डबा पिशवीत घालून मी तसाच यार्डात गेलो. मार्चचे दिवस होते, उन्हानं रूळ चमकत होते, आणि धुण्याच्या सायडिंगवर गुरांचे अकरा रिकामे डबे उभे होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली. उजवीकडे. दुसरा, उजवीकडे. चौथ्याला मी थांबलो आणि उगाच त्याचा बफर चाचपला. अकराच्या अकरा डब्यांची दाढी दाराच्या उजव्या कोपऱ्यातून उतरलेली. पलीकडच्या बाजूची दारंही पाहिली. तिथेही जो चुना होता तो उजवीकडेच. हातातली हातोडी मला जड लागली. एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण मी सगळा माणूसच आठवणीवर उभा होतो. बिनतड्याच्या चाकाचा आवाज कसा असतो हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तो माझ्या डोक्यात आहे आणि रोज त्याच्याशी मी नवा आवाज ताडून पाहतो. डोक्यातला चुना जर चुकीच्या बाजूला असेल तर डोक्यातल्या आवाजाचं काय? मी उगाचच जवळच्या चाकावर हातोडी मारली. आवाज स्वच्छ आला. निदान मला तरी तसा वाटला.

शेवटच्या डब्यात शालिग्राम काम करत होता. हल्ली डबे धुण्याचं काम त्याच्याकडे आहे. तोंडाला फडकं बांधून तो दारात उभा होता, तोंड आतल्या बाजूला, आणि बादली उंबऱ्याच्या उजव्या टोकाला. मी खालून विचारलं, "शालिग्राम, बादली नेहमी इकडेच काऊन ठेवतं तू?" त्यानं फडकं खाली ओढलं. साहेबाला ऊन लागलं की काय अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग कुकडे ठिऊ? उजवा हात इकडेच हाये ना माह्या." आणि त्यानं कुंचा बुडवून उचलला, आणि चुन्याचे चार थेंब उंबऱ्यावरून माझ्या बुटावर पडले. मी तिथेच उभा राहिलो. सरळ गोष्ट होती. माणूस आत तोंड करून उभा राहतो, हाताशी बादली ठेवतो, बादलीच्या बाजूनं चुना सांडतो. उजव्या हाताचा माणूस असेल तर उजवीकडे. मग मी लहानपणी जो चुना पाहिला तो डावीकडे का होता? कारण मी तो पाहिला होता. याबद्दल माझ्या मनात आता पुन्हा तसूभर शंका उरली नाही. याच सायडिंगवर पाहिला होता, आणि तो मारणारा माणूस माझा बाप होता.

माझा बाप, पुंजाजी, जुन्या कंपनीच्या काळापासून इथे गुरांचे डबे धुवायचा. दुपारच्या सुट्टीत मी त्याची भाकर घेऊन यायचो. माझं डोकं तेव्हा डब्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हतं; मला दिसायचं ते फक्त उंबऱ्याखालचं लोखंड, पायरी आणि चाकाचा वरचा अर्धा भाग. भाकरीचं फडकं मी पायरीच्या उजव्या टोकाला अडकवायचो. नेहमी उजव्या. कारण डावीकडून चुना ठिबकत असायचा आणि एकदा तो भाकरीवर पडला होता तेव्हा बापानं ती भाकर झटकून तशीच खाल्ली होती. आतून त्याचं गाणं म्हणणं ऐकू यायचं. घरी तो कधी गायला नाही. घरी तो हळू बोलायचा, हळू चालायचा, वस्तू पाडायचा. माय म्हणायची, यांच्या हातात काई टिकत नाई. पण डब्यातून कुंच्याचा जो आवाज यायचा तो सपासप, एका तालात, मध्ये खंड नाही. मी "बाबा" म्हणून हाक मारली की आवाज थांबायचा, क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग तो दारात यायचा तेव्हा कुंचा त्याच्या उजव्या हातात असायचा. मला हे सगळं आठवत होतं, कुंचा उजव्या हातातला, आणि चुना डाव्या बाजूचा, आणि दोन्ही खरं होतं. शाळेत पोरं मला शेणडब्यावाला म्हणायची. मी त्यांना मारायचो आणि घरी येऊन बापाशी बोलायचो नाही. आणि बाप जेवायचा तो उजव्याच हातानं, हेही मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो इतका वाईट जेवायचा. घास तोंडाशी जाईतो अर्धा सांडायचा. मग मला ते रोहिणखेडचं लग्न आठवलं, जे मी सहसा आठवू देत नाही.

मी चौदा वर्षांचा होतो, हायस्कुलात जात होतो, आणि नवीन सदरा घातला होता. पंगत बसली. बाप माझ्या शेजारी. वाढपी वरण ओतत पुढे गेला, लोक बोलत होते, आणि बापानं, बहुतेक दमला असेल, सकाळपासून आम्ही पायी आलो होतो, डाव्या हातानं भात कालवला आणि घास घेतला. एक नाही, चार-पाच. भराभर, न सांडता. समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात थांबवला. वाढपी वळून पाहू लागला. मी बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि दातओठ खाऊन म्हणालो, "उजव्या हातानं जेव ना. लोक पाहून राह्यले." त्यानं डावा हात मांडीखाली घातला. जेवण संपेपर्यंत तो तिथेच होता, आणि नंतर उठताना त्याला त्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मला त्याची लाज वाटली होती. आता मला त्या चौदा वर्षांच्या शहाण्याच्या मुस्काटीत द्यावीशी वाटत होती, पण तो हाताला लागणार कुठे?

घरी आलो तेव्हा माय, मंजुळाबाई, ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. ऐंशीच्या घरात आली आहे, पण खडा तिच्या नजरेतून सुटत नाही; डोळे मी तिचेच घेतलेत. मी डबा तिच्याजवळ ठेवला आणि खाली बसलो. सरळच विचारलं.

"माय, बाबा डाव्या हाताचे होते का?"

तिची बोटं सुपात थांबली. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई. मले तं ते उजव्या हातानंच जेवतानी आठवते."

"जेवे उजव्या हातानं," ती म्हणाली, "पन पोट नाई भरे त्याचं." मग तिनं आजूबाजूला पाहिलं, जसं अजूनही कोणी ऐकेल. "ल्हानपनी त्याच्या बापानं डावा हात कमरेले बांधून ठेवला होता. दोन वर्सं. शाळेत गेला तं मास्तरनं बोटं फोडली, तवा शाळा सुटली. लगनात कोनाले मालूम नोतं. मलेच आठ दिसांनी समजलं. मले म्हने, कोनाले सांगजो नोको."

"मंग डब्यात?"

"डब्यात कोन पाह्यते?" ती म्हणाली आणि हसली. म्हातारपणी ती फार कमी हसते. "आत शेन, मूत, चुना. साहेब काई आत शिरत नसे. मले म्हने, मंजुळा, डब्यात गेलो का मले बरं वाटते. तिथं मी थकत नाई."

मी कोकिळेनं आणून ठेवलेला चहा तसाच ठेवून आत गेलो. टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी यार्डात ते अकरा डबे पाहिले तेव्हाच काढायची ठरवली होती. ती काढली नाही. मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मी फार खूश होतो, आणि या दोन गोष्टी एकाच छातीत कशा मावतात हे मला त्या दिवशी कळलं. माझी आठवण बरोबर होती. हाक ऐकली की बाप कुंच्याचा हात बदलून दारात यायचा, म्हणून तिनं मला डावा हात दाखवला नव्हता, पण चुना जसाच्या तसा सांभाळून ठेवला होता. बापानं जगापासून जे लपवलं ते डब्यांच्या दाराखाली पांढऱ्या ओघळांनी लिहून जात होतं, आणि ते डबे नागपूरला, इटारसीला, मुंबईला फिरत होते, आणि कोणालाच वाचता येत नव्हतं. सहदेवरावांनी पाहिलेला चुना खरा होता. माझाही खरा होता. एवढंच, की माझा चुना एकाच माणसाचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन विश्रामगृहात गेलो. सहदेवरावांनी खोका भरायला काढला होता, भुसा पसरला होता. त्यांनी दाराचा कोपरा पाहिला. "पुसलं नाही?"

"नाही. ते बरोबर आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. बादलीपासून मांडीखालच्या हातापर्यंत. बाहेरच्या माणसाला मी हे कधी सांगेन असं मला वाटलं नव्हतं, पण तो माणूस ऐकणारा होता.  मग ते भुशावर हात फिरवत म्हणाले, "इंद्रभानजी, प्रदर्शनात आपण गुरांचा डबा दाखवतो. एका माणसाचा हात दाखवत नाही."

"मग पी-चं पोट कसं चाललं? तोही एका माणसाचाच हात आहे. तुम्हीच ओळखलात."

"तो रंगारी होता. कारखान्याचा माणूस."

"माझा बापही रेल्वेचाच माणूस होता."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. "मला कागदावर सही करून द्यावी लागते," ते शेवटी म्हणाले, "की नमुना वस्तुस्थितीला धरून आहे. उद्या कोणी विचारलं, सगळ्या डब्यांवर उजवीकडे आणि यावरच डावीकडे का, तर मी काय दाखवू? फोटो आहे तुमच्याकडे? काही लेखी?" बापाचा एकही फोटो नाही. मी मान हलवली. त्यांनी घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटं आहेत. टर्पेंटाइन माझ्याकडे आहे, ही चिंधी. सांगा, मीच पुसतो. तुमचा हात चालणार नसेल तर."

त्या वेळी मी डगमगलो. ते लपवण्यात अर्थ नाही. मुंबईचं ते कपाट मला दिसत होतं, काच, आतला दिवा, खाली पाटीवर माझं नाव, आणि समोर उभे राहून पी-चं पोट पाहणारे हजार अनोळखी लोक. चुन्याचा एक कोपरा पुसायचा आणि दुसरीकडे काढायचा, दहा मिनिटांचं काम. कोणाचं काही नुकसान नव्हतं. बाप तर म्हणालाच असता, पूस बेटा, लोक पाहून राह्यले. आणि तो तसंच म्हणाला असता हे लक्षात आलं तेव्हा माझं ठरलं. मी चिंधी त्यांच्या हातातून घेतली, घडी केली आणि परत त्यांना दिली. "राहू द्या," मी म्हणालो. "हा डबा येणार नाही." सहदेवरावांनी यादीवर रेघ मारली. माझ्या जागी कुठल्याशा स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीचा नमुना गेला. टाकी बरी होती. रंग दोन छटा गडद होता, पण ते मी त्यांना सांगितलं नाही; ट्रेन लागली होती आणि त्यांनी निघताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

माय ओट्यावरच होती. "काय म्हने तो साहेब?"

"घेतला नाई."

"चुन्यापायी?"

"हाव."

तिनं हात पुढे केला. आजवर तिनं माझा एकही डबा हातात घेतला नव्हता. मोडन, म्हणायची, नोको देऊ. आज घेतला. दारातून येणाऱ्या उजेडाकडे धरला आणि डावा कोपरा डोळ्यांजवळ नेला, तुरीतला खडा पाहावा तसा. अंगठा ओघळांवरून फिरवला. मी वाट पाहत उभा होतो. सहदेवरावांसमोर छाती ठोकून उभा होतो तो मी नव्हतोच.

"लय कमी सांडलाय," ती म्हणाली.

"माय, मी माप घेऊन—"

"माप तू घेतलं असन. धोतर मी धुतलं."

मी आत जाऊन पांढरा रंग आणि ब्रश आणला आणि तिच्याशेजारी बसलो. ती बोटानं दाखवत गेली आणि मी सांडत गेलो. उंबऱ्यावरून. आनखी. खालच्या लोखंडावर, जाड. पायरीवर. मी ब्रश उचलला की ती मान हलवायची. कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "अवं, सारा डबा पांढरा करता का आता?" मायनं बोटानं पुढची जागा दाखवली. चाकावर एक ओघळ गेला, मी तो टिपायला चिंधी घेतली, तर मायनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. पाहू दे लोकाइले," ती म्हणाली. मग डबा थोडा लांब धरून तिनं बराच वेळ पाहिला. "बस. आता बरोबर हाये."